जुन्या कपड्यांचं मोल

परदेशातल्या मोठमोठ्या मदतसंस्थांकडे एवढा पैसा येतो तरी कुठून? लेकीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडला गेले, तेव्हा या प्रश्नाचं उत्तर एका जुन्या कपड्यांच्या दुकानात मिळालं.

लेकीचं बाळंतपण झालं आणि बघता बघता तीन महिने उलटले. बाळाची झबली तोकडी व्हायला लागली. एका सकाळी लेकीनं सगळं कपाट उपसलं आणि पलंगावर हा एवढा ढीग घातला. बाळाचे कपडे, तिचे गरोदरपणातले ड्रेस, जावयांचे शर्ट, एक-दोन स्वेटर.

मी आपली सवयीप्रमाणे म्हटलं, "अगं, यावर एखादं चांगलं पातेलं तरी येईल."

ती हसायला लागली. "आई, इथे बोहारीण नाही येत. हे सगळं ऑक्सफॅमला द्यायचं."

बोहारीण म्हटलं की मला आमच्या विट्यातली दुपार आठवते. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्याला कपड्यांचं गाठोडं. दारात बसली की तासभर हलायची नाही. तीन साड्या आणि दोन पँटी दिल्या, तरी स्टीलच्या डब्याला हात लावू देत नसे. "वैनी, एखादी जरीची काढा की," असं म्हणत घासाघीस चालायची. शेवटी मी वर एक शर्ट टाकायची, ती वर एक वाटी टाकायची. दोघींनाही वाटायचं, आपण जिंकलो.

इथे मात्र पिशवी भरून आपणच दुकानात न्यायची आणि बदल्यात काही मागायचं नाही. लेक राहते ऑक्सफर्डला. ही ऑक्सफॅम संस्था जन्मली तीही याच गावात. बाबागाडी ढकलत आम्ही दुकानात गेलो. बाहेरून पाहिलं तर कुणाला वाटणार नाही, की हे जुन्या वस्तूंचं दुकान आहे. काचेमागे नीट मांडलेले कपडे, कपबश्या, पुस्तकं. गल्ल्यावर सत्तरी ओलांडलेल्या एक बाई होत्या, पगार न घेता काम करणाऱ्या.

त्यांनी आमची पिशवी उघडली आणि एकेक कपडा हातात घेऊन पाहिला. एक स्वेटर निघाला, कोपरावर विरलेला. मी घाईत तोही कोंबला होता. बाईंनी तो शांतपणे बाजूला ठेवला आणि हसून काहीतरी म्हणाल्या. लेकीनं मला मराठीत सांगितलं, "त्या म्हणतात, हा कापडाच्या गठ्ठ्यात जाईल, दुकानात नाही. दुकानात आम्ही तेच लावतो, जे आम्ही स्वतः विकत घेऊ."

त्या काही रागावल्या नव्हत्या. पण मी मात्र वरमले. कारण मला २०१९ चा ऑगस्ट आठवला.

आमच्या गोण्या

त्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला. आमचं विटे उंचावर, दुष्काळी भागातलं. आमच्याकडे पाणी आलं नाही. पण पाहुणे-रावळे सगळे त्या भागातले, त्यामुळे जीव तिकडेच होता. महिला मंडळानं ठरवलं, कपडे गोळा करायचे. दोन दिवसांत मंदिराच्या सभामंडपात तीसेक गोण्या जमल्या.

तिसऱ्या दिवशी आम्ही दहा-बारा जणी त्या निवडायला बसलो. काय सांगू! फाटलेल्या साड्या, चेन तुटलेल्या पँटी, एकच चप्पल, डागाळलेल्या चादरी. पुरातून अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेल्या बाईला आम्ही हे देणार होतो? एक गोणी उघडली, तर त्यात माझीच एक साडी. पदर जळालेली. घरातली अडगळ जातेय म्हणून मीच टाकलेली. मी ती पटकन घडी करून मांडीखाली सरकवली. कुणी पाहिलं की नाही, देव जाणे.

त्या दिवशी अर्ध्याहून जास्त गोण्या बाजूला काढाव्या लागल्या. एक जण म्हणाली, "यापेक्षा घरटी शंभर रुपये मागितले असते, तर नवी लुगडी घेता आली असती." पण पैसे मागायला कुणाची जीभ रेटत नव्हती. पैसे म्हटले की लोक विचारतात, जातात कुठे?

म्हणून त्या दुकानातून बाहेर पडताना माझ्या डोक्यात एकच विचार घोळत होता. जुन्या कपड्यांवर आणि अनोळखी माणसांच्या पैशांवर एवढी मोठी संस्था उभी केली कशी या लोकांनी?

ग्रीसच्या भुकेतून

गोष्ट सुरू होते १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धात. ग्रीस देश हिटलर आणि त्याच्या दोस्तांच्या ताब्यात गेला होता. त्यांना रसद मिळू नये, म्हणून इंग्लंडनं समुद्रातून नाकेबंदी केली होती. दोन्हीकडून कोंडी झाली आणि ग्रीसमध्ये दुष्काळ पडला. माणसं रस्त्यांवर उपासमारीनं मरू लागली.

५ ऑक्टोबर १९४२ रोजी ऑक्सफर्डच्या सेंट मेरी चर्चच्या जुन्या ग्रंथालयात काही मंडळी जमली. चर्चचे पाद्री, एक प्रोफेसर आणि त्यांच्या पत्नी, एक व्यापारी, अशी चारचौघांसारखी माणसं. युद्ध चालू असताना शत्रूच्या ताब्यातल्या देशात धान्य पाठवा, असं आपल्याच सरकारला सांगायचं म्हणजे धाडसच. त्यांनी समिती काढली. तिचं नाव ‘ऑक्सफर्ड दुष्काळ निवारण समिती’. पुढे तारेच्या पत्त्यासाठी जे छोटं नाव घेतलं होतं, तेच १९६५ मध्ये संस्थेचं नाव झालं, ऑक्सफॅम.

युद्ध संपल्यावर ग्रीससाठी आवाहन केलं, तेव्हा लोकांनी भरभरून सामान दिलं. कपडे, ब्लँकेटं, दागिने, भांडी. सगळंच काही जहाजानं पाठवता येणार नव्हतं. मग १९४७ मध्ये ब्रॉड स्ट्रीटवर १७ नंबरच्या जागेत दुकान थाटलं. जे पाठवता येत नाही ते विकायचं आणि पैसा पाठवायचा. एवढी साधी युक्ती! ते दुकान आजही तिथेच आहे. एका रविवारी लेक मला मुद्दाम दाखवायला घेऊन गेली. दाराशी छोटीशी पाटी आहे, एवढंच.

समितीतले ते व्यापारी म्हणजे सेसिल जॅक्सन-कोल. त्यांचं म्हणणं असं, की धर्मादाय काम असलं तरी ते धंद्याच्या शिस्तीनं केलं पाहिजे. १९४९ मध्ये जो मिटी नावाचा माणूस पगारावर ठेवला, संस्थेचा पहिला पगारी नोकर. या गृहस्थानं लोक देतील ते विकलं. कवळ्या विकल्या, एक जिवंत गाढवसुद्धा विकलं म्हणतात! तो २००७ मध्ये वारला. तोवर त्याच्या त्या एका दुकानाची शेकडो दुकानं झाली होती.

आपल्या देशाचाही या गोष्टीशी संबंध आहे बरं का. सुरुवातीला ही समिती युरोपातल्या युद्धग्रस्तांसाठीच काम करायची. १९५१ मध्ये बिहारमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा तिनं पहिल्यांदा युरोपच्या बाहेर गरीब देशाकडे मोठ्या प्रमाणावर लक्ष वळवलं.

दुकानामागची खोली

पुढच्या खेपेला मी त्या गल्ल्यावरच्या बाईंना, लेकीच्या मदतीनं, मागची खोली दाखवाल का असं विचारलं. त्यांनी आनंदानं नेलं. बाई गं, केवढा तो पसारा! पण प्रत्येक गोष्टीला जागा. एक जण कपडे निवडते, एक जण वाफेच्या नळीनं सुरकुत्या काढते, एक जण किमतीचं लेबल टोचते. पुस्तकं निवडणारे आजोबा वेगळे. कुणी आठवड्यातून एक सकाळ येतं, कुणी दोन दुपारी. पगारी माणूस बहुतेक एकच, मॅनेजर.

ब्रिटनभर ऑक्सफॅमची अशी पाचशेच्या आसपास दुकानं आहेत आणि त्यांत हजारो माणसं बिनपगारी राबतात. त्यांत निवृत्त बायका पुष्कळ. संसार झाला, मुलं लांब गेली, हातात वेळ आहे, अशा. आपल्याकडच्या भजनी मंडळात बसणाऱ्या बायकाच जणू! संस्थेच्या हिशेबात त्यांच्या कष्टाची रक्कम कुठे दिसत नाही. पण त्यांना पगार द्यावा लागला असता, तर ही दुकानं चाललीच नसती.

जे दुकानात विकलं जात नाही, तेही फेकत नाहीत. यॉर्कशायरमध्ये १९७४ पासून संस्थेचं कपडे निवडायचं केंद्र आहे. उरलेले कपडे तिथे जातात. काही दुसरीकडे विकतात, काहींचं नुसतं कापड म्हणून वजनावर पैसे होतात. आमचा तो विरलेला स्वेटर असाच गेला असणार.

सरकारही हातभार लावतं. दान आलेल्या वस्तू विकताना अशा संस्थांना विक्रीकर लागत नाही. दुकानाच्या जागेवरच्या करात ८० टक्के सूट मिळते. शिवाय ‘गिफ्ट एड’ नावाची योजना १९९० पासून आहे. म्हणजे असं, की आयकर भरणाऱ्या माणसानं १० पौंड दिले, तर सरकार संस्थेला वर अडीच पौंड देतं. कारण त्या माणसानं त्या पैशावर आधीच कर भरलेला असतो. आपल्याकडे ‘८० जी’ म्हणून ओळखली जाणारी सवलत असते, तीत फायदा देणाऱ्याला होतो, तोही त्यानं जुनी करपद्धत निवडली असेल तर. तिकडे वरचे पैसे थेट संस्थेच्या पदरात पडतात.

आणि कपड्यांवरही गिफ्ट एड मिळतं! लेकीनं एक फॉर्म भरला होता, तिला नंबराची स्टिकरं मिळाली होती. पिशवीवर स्टिकर लावायचं. कपडे विकले गेले की संस्था कळवते, तुमच्या वस्तूंचे इतके पौंड आले. दीड महिन्यानं लेकीला तसं पत्र आलं. ३१ पौंड. एका पौंडाचे आपले शंभराहून जास्त रुपये होतात, तेव्हा तुम्हीच हिशेब करा. माझ्या मनात आलं, बोहारणीनं यावर एक पातेलं दिलं असतं.

पण ते ३१ पौंड पाहून मला जास्त कौतुक वाटलं ते पत्राचं. साध्या जुन्या झबल्यांचा कुणीतरी हिशेब ठेवला आणि तो आम्हाला कळवला.

बकरी कुठे बांधायची?

दुकान हा झाला एक झरा. बाकीचे बरेच आहेत.

एक म्हणजे दरमहा ठरलेली छोटी रक्कम. आता ती बँकेतून आपोआप जाते. साठच्या दशकात मात्र कार्यकर्ते ओळखीच्या घरी दर महिन्याला जाऊन अर्धा क्राऊन, म्हणजे चिल्लरच म्हणा ना, गोळा करत. आपल्या भिशीसारखंच, फक्त नंबर कधी आपल्याला लागत नाही. एकदम हजार देणाऱ्यापेक्षा दर महिन्याला दहा देणारा संस्थेला मोलाचा वाटतो. कारण पुढच्या वर्षी हातात काय असेल, हे त्याच्यामुळे कळतं.

दुसरी गंमत बकरीची. नाताळात लेकीच्या ऑफिसमधल्या मैत्रिणीनं तिला एक कार्ड दिलं. त्यावर बकरीचं चित्र. "तुझ्या नावानं एक बकरी भेट." मी घाबरून विचारलं, "अगं, बांधायची कुठे?" मग कळलं, की २००४ पासून ऑक्सफॅमची अशी योजना आहे. आपण पैसे भरायचे, मैत्रिणीला कार्ड मिळतं आणि पैसा गरीब देशातल्या कामाला जातो. ज्यांच्या घरी सगळं आहे, त्यांना आणखी एक फुलदाणी देण्यापेक्षा हे बरं. मात्र कार्डावरचा बारीक मजकूर वाचावा. त्या पैशाची तीच बकरी कुणाच्या दारात जाते असं नाही. तशा प्रकारच्या कामाच्या खात्यात तो जमा होतो.

तिसरं म्हणजे चालणं. हाँगकाँगमध्ये १९८१ साली गुरखा सैनिकांनी शंभर किलोमीटर चालण्याचा उपक्रम सुरू केला. ‘ट्रेलवॉकर’ त्याचं नाव. पुढे हाँगकाँगच्या ऑक्सफॅमनं तो हाती घेतला आणि तो अनेक देशांत पसरला. चौघांनी मिळून ४८ तासांत शंभर किलोमीटर चालायचं आणि आधी ओळखीच्यांकडून देणग्या मिळवायच्या. "मी चालतोय, तू पैसे दे." आपल्याकडे वारी चालणाऱ्याला लोक रस्त्यात पाणी आणि जेवण देतात. त्यामागची भावना वेगळी, पण कष्ट करणाऱ्याला हात द्यावासा वाटतो, हे दोन्हीकडे सारखंच.

जत्रांचाही उपयोग केलाय. ग्लास्टनबरी नावाचा संगीताचा मोठा महोत्सव भरतो. तिथे ऑक्सफॅमचे स्वयंसेवक गर्दी सांभाळतात. त्याचे पैसे आयोजक त्यांना न देता संस्थेला देतात.

आणि एक झरा असा, की ज्याबद्दल आपण बोलायलाही कचरतो. मृत्युपत्र. तिकडे अनेक माणसं मृत्युपत्रात घर-पैसा मुलांना देतात आणि थोडा वाटा एखाद्या संस्थेला. त्यातून मिळणारी रक्कम अशा संस्थांच्या उत्पन्नात महत्त्वाची असते.

मोठी आपत्ती आली, की ब्रिटनमधल्या बड्या संस्था वेगवेगळी झोळी फिरवत नाहीत. १९६३ मध्ये त्यांनी एकत्र समिती केली. टीव्हीवर एकच आवाहन होतं आणि पैसा वाटून घेतला जातो. २००४ च्या त्सुनामीनंतर या समितीकडे ३९ कोटी २० लाख पौंड जमले.

बांधलेला पैसा, मोकळा पैसा

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या संस्थेला सरकारं पैसा देतच असतील. मग ही जुनी कपडालत्त्याची कटकट कशाला?

देतात ना. ब्रिटनचं सरकार, युरोपियन युनियन, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, मोठमोठे ट्रस्ट असे पुष्कळ देणारे आहेत. पण तो पैसा बांधलेला असतो. अमक्या देशात, अमक्या जिल्ह्यात, इतक्या विहिरी, इतक्या तारखेपर्यंत. विहिरीचा पैसा शाळेला वापरता येत नाही. कागद पुरे झाल्याशिवाय पैसा हलत नाही.

दुकानातला, दरमहाचा, मृत्युपत्रातला पैसा बहुतेक मोकळा असतो. रात्री भूकंप झाला, तर सकाळी माणसं पाठवायला तो उपयोगी पडतो. ज्या संकटाची टीव्हीवर बातमी येत नाही, तिथेही तो जातो. आणि सरकारविरुद्ध बोलायची वेळ आली तर ती ताकदही त्यातूनच येते. ग्रीसच्या वेळी ते लोक सरकारच्या पैशावर असते, तर सरकारला जाब विचारू शकले असते का?

आपल्याला हे समजावून सांगायला नको. घरखर्चाला मोजून मिळालेला पैसा वेगळा आणि डाळीच्या डब्यात साठवलेला वेगळा. रक्कम कमी असते, पण मुलीची फी भरायची राहिली किंवा माहेरी कुणी आजारी पडलं, की डब्यातलाच पैसा धावून येतो. त्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही. मोठ्या संस्थांचाही असा डबा असतो, आणि तो तुमच्या-माझ्यासारख्या बायका भरतात.

डब्याला तडा गेला तेव्हा

पण हा डबा एका गोष्टीवर टिकतो, विश्वासावर. तो गेला की काय होतं, हेही ऑक्सफॅमनं पाहिलंय.

२०१० मध्ये हैती देशात भयंकर भूकंप झाला. मदतीला गेलेल्या ऑक्सफॅमच्या काही कर्मचाऱ्यांनी तिथल्या संकटात सापडलेल्या बायकांना पैसे देऊन त्यांचं शोषण केल्याचं प्रकरण घडलं. संस्थेनं २०११ मध्ये आतल्या आत चौकशी केली. काहींना काढलं, काहींना राजीनामा देऊन जाऊ दिलं. पण काय घडलं ते लोकांना मोकळेपणानं सांगितलं नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’नं ते छापलं आणि एकच गहजब झाला.

दहा दिवसांत सुमारे ७,००० लोकांनी आपली दरमहाची देणगी बंद केली. सरकारकडून नवा निधी मागणार नाही, असं संस्थेला मान्य करावं लागलं. त्याच वर्षी १ कोटी ६० लाख पौंडांची काटकसर करावी लागली, माणसं कमी करावी लागली. २०१९ मध्ये धर्मादाय आयोगानं संस्थेवर कडक ताशेरे ओढले.

मी त्या बाईंना याबद्दल विचारलं. विचारू की नको, असं झालं होतं. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तेव्हा लोक दुकानात येऊन मलाच बोलायचे. मी घरी जाऊन रडले. पण त्यांचं चुकलं नव्हतं. त्यांनी विश्वासानं दिलं होतं."

मी विचारलं, "मग तुम्ही सोडलं कसं नाही?"

"सोडणार होते. पण ज्या बायकांवर अन्याय झाला, त्यांच्यासारख्यांनाच उद्या पाणी आणि औषध लागणार. म्हणून मी संस्थेला पत्र लिहिलं, उत्तर मागितलं. आणि सोमवारी पुन्हा दुकानात आले."

मला वाटतं, देणाऱ्यानं असंच असावं. डोळे मिटून देऊ नये आणि रागावून पाठही फिरवू नये. विचारावं.

आपली मूठ, आपला पैसा

हे सगळं ऐकून ‘तिकडचे लोक किती पुढारलेले’ असं वाटू शकतं. पण मैत्रिणींनो, थोडं मागे वळून बघा.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला आपल्या सातारा-सांगलीच्या बायकांनी दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला काढून दिलं. त्यालाच मुष्टिफंड म्हणत. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत ‘पैसा फंड’ उभा केला, आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी पार्वतीबाई आठवले गावोगाव फिरल्या. ही विधवा बाई १९१८ मध्ये एकटी अमेरिकेला गेली, लोकांच्या घरी काम करून राहिली, इंग्रजी शिकली, आश्रमासाठी मदत मिळवली आणि १९२० मध्ये परत आली. शंभर वर्षांपूर्वी! आपण मात्र चार घरी वर्गणी मागायला लाजतो.

आजच्या काळात कपड्यांचंच उदाहरण घ्यायचं, तर अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत सुरू केलेली ‘गूंज’. शहरातले वापरलेले कपडे निवडून, नीट करून ते गावांत जातात. पण फुकट वाटले असं नाही. गावकरी श्रमदानानं तळं खणतात, रस्ता करतात आणि कपडे त्याचा मोबदला म्हणून घेतात. घेणाऱ्याची मान खाली जात नाही. सुती कापडातून बायकांसाठी पाळीच्या दिवसांतले पॅड होतात. गुप्तांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

शिवाय आता परदेशी पैशाचा रस्ता पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. परदेशी देणगी घ्यायला केंद्र सरकारची नोंदणी लागते. २०२० मध्ये कायद्यात बदल झाले. परदेशी पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेत घ्यावा लागतो, एका संस्थेला तो दुसरीला देता येत नाही, आणि ऑफिसखर्चावर त्यातले २० टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाहीत. ऑक्सफॅम इंडिया ही २००८ पासून स्वतंत्र भारतीय संस्था. तिच्याही नोंदणीचं नूतनीकरण झालं नाही आणि जानेवारी २०२२ पासून तिचा परदेशी पैसा थांबला. चूक-बरोबर काहीही असो, तालुक्याच्या गावातल्या छोट्या संस्थांनी यातून एक गोष्ट समजून घ्यावी. लांबचा झरा आटला तर आपल्या गावातली विहीर हवी.

देण्याआधी एवढं पाहा

• कपडा देताना स्वतःला विचारा, हा मी माझ्या बहिणीला देईन का? नसेल तर तो पुसायला वापरा, मदतीच्या गोणीत नको.

• आपत्तीत आधी विचारा, काय हवंय? बऱ्याचदा कपड्यांपेक्षा पैसा, चादरी, आतले नवे कपडे आणि पॅड लागतात.

• संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि मागच्या वर्षीचा हिशेब मागा. दाखवायला टाळाटाळ झाली, तर थांबा.

• पावती घ्या. दहा रुपयांचीसुद्धा.

• एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा जमेल तेवढी, पण नेमानं द्या.

• "सगळा पैसा गरिबांनाच जातो का?" हा प्रश्न विचाराच. पण हिशेब ठेवणाऱ्याला पगार लागतो, गाडीला डिझेल लागतं, हेही लक्षात ठेवा. खर्च किती, यापेक्षा तो कशावर झाला, हे पाहा.

परत येण्याच्या आदल्या दिवशी मी एकटीच दुकानात गेले. बॅगेत एक नारायणपेठ साडी होती, एकदाच नेसलेली. घडीही मोडलेली नव्हती म्हणा ना. लेकीच्या समारंभासाठी नेली होती. ती मी गल्ल्यावर ठेवली. बाईंनी पदर हातात घेतला, जरीवरून बोटं फिरवली आणि मागे जाऊन दुसऱ्या दोघींना बोलावून आणलं. माझं इंग्रजी यथातथाच. मी एवढंच म्हणाले, "गुड वन." त्या हसल्या आणि त्यांनी ती आत न नेता थेट काचेत लावली.

गावी आल्यावर मंडळाच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. जळालेल्या पदराच्या साडीचंही सांगितलं. हशा झाला. आणि मग एक जण हळूच म्हणाली, "अहो ताई, ती चेन तुटलेली पँट आमची होती."

त्या दिवसापासून आमच्या मंडळाचा एक डबा आहे. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी प्रत्येकीनं वीस रुपये टाकायचे. हिशेबाची वही सभामंडपातच खिळ्याला टांगलेली असते. ज्याला पाहायची, त्यानं केव्हाही पाहावी.